मान सरळ, माप अचूक

काकडी सरळ चिरली की तिची चकती गोल उतरते. सुरी जरा तिरपी धरली की तीच चकती लांबट होते. काकडी तीच असते, बदलते ती कापाची दिशा. स्वयंपाकघरातील हा साधा अनुभव दंतवैद्यकातही मोलाचा ठरतो.

पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टिटॅनियमचा स्क्रू रोवून त्यावर कृत्रिम दात बसवितात. हाड या धातूशी घट्ट सांधले जाते, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांच्या ध्यानी १९५२ साली आले. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला.

परंतु स्क्रू किती लांबीचा घ्यावा? खालच्या जबड्यात दाढांच्या मुळांखालून एक मज्जातंतू जातो. ओठाला व हनुवटीला संवेदना मिळते ती त्याच्यामुळे. त्याला इजा झाली, तर ओठ बधिर होतो. क्वचित तो बधिरपणा जन्मभर राहतो. म्हणून स्क्रूचे टोक व हा मज्जातंतू यांत साधारणतः २ मिलिमीटर अंतर राखतात.

हे माप क्ष-किरणांच्या कोन-बीम स्कॅनवरून घेतात. यंत्र डोक्याभोवती फिरते, संगणक जबड्याचे त्रिमिती चित्र रचतो आणि त्याचे उभे काप पाडून हाडाची उंची मोजली जाते. डोके कललेले असेल आणि काप तसेच पाडले, तर ते हाडातून तिरपे जातात. भूमितीचा हिशेब असा : १५ मिलिमीटर उंचीचे हाड १० अंशांनी तिरपे कापले, तर माप जेमतेम पाव मिलिमीटरने वाढते, २० अंशांनी कापले, तर ते सुमारे १६ मिलिमीटर भरते. हा एक मिलिमीटर म्हणजे राखलेल्या अंतराचा निम्मा भाग!

सुदैवाने संगणकावर चित्र फिरवून जबड्याशी जुळविता येते आणि मग हा दोष दूर होतो. मात्र स्कॅन चालू असताना रुग्ण हलला, तर चित्रच अस्पष्ट होते. ती उणीव मागाहून पुरती भरून निघत नाही.

तेव्हा वाचकहो, अशी तपासणी करविताना चष्मा व दागिने काढून ठेवावेत. कवळी असल्यास ती ठेवावी की काढावी, हे विचारून घ्यावे. हनुवटी टेकणीवर नीट ठेवावी. फिरत्या यंत्रामागे मान वळवू नये. घरातील वृद्धांची मान थरथरत असेल, तर तसे आधीच सांगावे. आणि माप घेण्यापूर्वी चित्र जबड्याशी जुळविले आहे ना, असे दंतवैद्यांना विचारण्यात मुळीच संकोच करू नये.