मागणीपत्र आणि वसुली

ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यापासून विभक्त होऊन पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचा जो स्वतंत्र जिल्हा झाला, त्याची ख्याती संत्र्याची. परंतु पांढुर्ण्याच्या ज्या कृषी केंद्रात मी सायंकाळी बसतो, तेथे अलीकडे फवारणीच्या औषधांइतक्याच आस्थेने दूरसंचार-यंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांच्या समभागांची चर्चा चालते. तीत तेजस नेटवर्क्सचे नाव वारंवार येते. प्रकाशतंतूंवरून माहिती वाहून नेणारी उपकरणे बनविणारी ही बंगळुरूची कंपनी 2021 मध्ये टाटा समूहाने घेतली, आणि ऑगस्ट 2023 मध्ये बीएसएनएलच्या एक लाख मनोऱ्यांच्या कामासाठी टीसीएसने तिला 7,492 कोटींचे मागणीपत्र दिले. तरुण मंडळी मोबाइलवरील आलेख दाखवून ‘टार्गेट’ आणि ‘स्टॉपलॉस’ सांगू लागली, की एक वयोवृद्ध बागाईतदार शांतपणे विचारतात, “आर्डर मोठी हाय, कबूल, पण भाऊ, पैसे कोण देते अन् कवा देते, थे सांग.”

झाडावरचा बहार पाहून बगीचा ठोक्याने घेणारा व्यापारी फळगळीचा अंदाज मनात धरूनच इसार देतो. त्याच सावधपणे हे गृहस्थ तिमाही निकाल वाचतात. विक्रीच्या आकड्यावर न थांबता त्यांचे बोट ताळेबंदातील येणे बाकी, पडून असलेला माल आणि कर्ज या रकमांवरून सावकाश फिरते. 2024-25 मध्ये 8,923 कोटींचे उत्पन्न मिळविणाऱ्या तेजसचे उत्पन्न एप्रिल ते जून 2025 या तिमाहीत 202 कोटींवर आले आणि 194 कोटींचा तोटा झाला. एकाच मोठ्या कामावर विसंबलेल्या धंद्यात ते काम सरत आले आणि पुढचे मागणीपत्र लांबले, की अशी ओहोटी अटळ असते.

मागणीला भुलून चढ्या भावात समभाग घेण्याचा धोका नवा नाही. मार्च 2000 मध्ये इंटरनेटची यंत्रे बनविणारी अमेरिकेची सिस्को ही जगातील सर्वांत मूल्यवान कंपनी ठरली होती. पुढील दोन-अडीच वर्षांत तिच्या समभागाने चार पंचमांशांहून अधिक मोल गमावले आणि ती जुनी पातळी पुन्हा गाठण्यास डिसेंबर 2025 उजाडला. इंटरनेटचे भाकीत खरे ठरले, आर्थिक वर्ष 2001 मधील तोटा सोडता कंपनीही नफ्यात राहिली, तरी शिखरावर समभाग घेणाऱ्याचे पाव शतक गेले.

निसर्गाच्या लहरीतून वाचविलेली शिल्लक येथील माणूस बाजारात गुंतवितो, तेव्हा व्यापाऱ्याला जो वसुलीचा प्रश्न तो निःसंकोच विचारतो, तोच कंपनीला विचारण्याचा त्याचा पूर्ण अधिकार आहे. आलेख पाहण्याआधी येणे बाकीची ओळ वाचावी, आणि ती समजेपर्यंत पैसा घरीच ठेवावा.