औषधचाचणीचे शिक्षण कोणासाठी?

क्लिनिकल ट्रायलच्या पदव्युत्तर शिक्षणाचा विषय निघाला की व्यवसायबंधूंकडून एक प्रश्न हमखास येतो : "औषध कंपनीत नोकरी करायची आहे का?" कडोदऱ्यासारख्या कारखान्यांच्या गावात रुग्ण पाहताना माझे मत मात्र असे झाले आहे की, या शिक्षणाची खरी गरज रुग्णासमोर बसणाऱ्या डॉक्टरास आहे.

आपल्या पदवीने आपणांस एकेका रुग्णासाठी योग्य वाटेल ते औषध देण्यास शिकविले. चाचणीत कोणास कोणते औषध मिळणार हे पुष्कळदा यादृच्छिक निवडीने ठरते. "यांतील कोणते औषध अधिक चांगले, हे अद्याप ठाऊक नाही," असे रुग्णास प्रामाणिकपणे सांगावे लागते. म्हणूनच या अभ्यासक्रमांत संशोधन आराखडा, संख्याशास्त्र, नोंदींची शिस्त, नैतिक समितीचे कार्य आणि गंभीर दुष्परिणाम २४ तासांच्या आत कळविण्याची जबाबदारी हे विषय येतात.

या शिस्तीचे मोल गुजरातने जवळून पाहिले आहे. २००९ साली बडोदे जिल्ह्यात व तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात किशोरवयीन मुलींना एचपीव्ही लस देण्याचा अभ्यास सुरू झाला. काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबविण्यात आला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. परंतु संमती घेण्यातील त्रुटी उघड झाल्या. खम्ममला पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्या होत्या. लस निर्दोष असली तरी लोकांचा विश्वास डळमळला.

याउलट उदाहरण महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे वढू येथील ग्रामीण संशोधन केंद्र भारतीय रोटाव्हायरस लसीच्या चाचणीत सहभागी होते. २०११ ते २०१२ या काळात दिल्ली, पुणे व वेल्लोर येथील ६,७९९ बालके तीत दाखल झाली. पहिल्या वर्षात तीव्र रोटाव्हायरस जुलाबापासून सुमारे ५६ टक्के संरक्षण सिद्ध झाले आणि २०१६ पासून ती लस राष्ट्रीय लसीकरणात आली. गावपातळीवरही उत्तम संशोधन होऊ शकते, ते असे.

आता आपल्या परिसराकडे पाहू. येथील गिरण्यांत खानदेश, ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार येथील कामगार आहेत. "तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टरसाहेब," असे म्हणून ते मान डोलावतात. हा विश्वास आपले भाग्य आहे. पण त्याला संमती म्हणता येत नाही. अहिराणी बोलणाऱ्या माणसास त्याच्या बोलीत समजावणे, निरक्षर असल्यास निःपक्ष साक्षीदार बसविणे आणि 'नाही' म्हटल्यास उपचारांत फरक पडणार नाही अशी खात्री देणे, हे आपले काम आहे.

आपल्या मंडळातील डॉक्टर नसलेल्या सदस्यांनाही येथे स्थान आहे. २०१९ च्या नियमांनुसार नैतिक समितीत किमान सात सदस्य लागतात. त्यांत एक सामान्य नागरिक व एक कायदेतज्ज्ञ असावा लागतो आणि निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावे लागतात. संमतीपत्र वाचून "हे माझ्या आईला समजेल का?" असे विचारणारा माणूस समितीस हवाच असतो.

तरुण डॉक्टर मित्रांनी हा अभ्यास अवश्य करावा आणि मंडळाने वर्षातून एक अभ्याससत्र या विषयास द्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे. उद्या आपल्या दारी एखादी चाचणी आली, तर रुग्णाच्या वतीने नेमके प्रश्न विचारणारा माणूस आपल्यातच असावा.