सातशे एकोणनव्वदचा जाब
श्रीगोंद्याच्या उपकोषागारात देयक आले की आधी लेखाशीर्ष तपासले जाते. मुंबई वित्तीय नियम, १९५९ आणि महाराष्ट्र कोषागार नियम, १९६८ यांनी साऱ्या खात्यांना एकच शिस्त लावली. संविधानाच्या अनुच्छेद १५० मुळे हिशेबाचा साचाही देशभर सारखा. शेती असो की पाणीपुरवठा, मुख्य शीर्षाखाली ७८९ हे गौण शीर्ष दिसले की ती तरतूद अनुसूचित जातींसाठीची. म्हणजे आपला वाटा कुठल्याही खात्यात शोधता येतो.

पण कागदावरची तरतूद म्हणजे वस्तीतला नळ नव्हे. ३१ मार्चला अखर्चित रक्कम व्यपगत होते. नियमबाह्य खर्च करणाऱ्याला लेखापरीक्षक जाब विचारतो; नियमाआड पैसा अडवणाऱ्याला कोण विचारणार? आपणच, ७८९ हा आकडा पुढे ठेवून, आणि मार्चच्या आधी.