औषधाआधीच मळमळ

केमोथेरपी घेणाऱ्या काही कॅन्सर-रुग्णांना तिसऱ्या-चौथ्या खेपेला एक चमत्कारिक अनुभव येतो. औषधाचा थेंबही शरीरात गेलेला नसतो, पण वॉर्डातला स्पिरिटचा वास येताच पोटात ढवळू लागते. कधी कधी तर नुसती सिस्टर दिसली तरी पुरते! रुग्ण ओशाळतो. घरचे म्हणतात, ‘मनाचे खेळ आहेत, धीर धर.’

पावलॉव्हचा कुत्रा आठवा. अन्नाबरोबर पुन्हा पुन्हा ठरावीक आवाज ऐकवल्यावर नुसत्या आवाजानेही त्याला लाळ सुटे. इथे अन्नाच्या जागी औषध आहे आणि आवाजाच्या जागी वॉर्डातला वास. रुग्णाचा दुबळेपणा यात कुठेच नाही. सिस्टरने हे समजावून दिले की त्याची शरम बरीच ओसरते.

एकदा जडलेली ही मळमळ उलटीवरच्या गोळ्यांना फारशी दाद देत नाही. म्हणून पहिल्या खेपेपासूनच उलटी रोखायला हवी. ‘मागच्या वेळी घरी गेल्यावर किती त्रास झाला?’ असे सिस्टर विचारते ते त्यासाठीच. डॉक्टरांपुढे संकोचणारा रुग्ण तिच्याशी मोकळे बोलतो आणि गोळ्या वेळीच बदलता येतात.

आणि जडलीच तर? अमेरिकेतील गॅरी मॉरो यांनी १९८२ मध्ये एक उपाय पडताळला. रुग्णाला अंग सैल सोडायला शिकवायचे आणि त्या अवस्थेत दवाखान्याची वाट, वॉर्ड, सुई अशी दृश्ये क्रमाक्रमाने डोळ्यांपुढे आणायला सांगायची. मळमळ कमी झाली. प्रशिक्षण दिल्यास परिचारिकांनाही हे साधते, असे त्यांच्या १९९२ च्या अभ्यासात दिसले. मात्र गर्दीच्या वॉर्डात एकेका रुग्णाजवळ तेवढा वेळ बसणे सिस्टरला अवघड जाते.