बॅकअप घेतला, वाचून पाहिला का?

कवितेच्या माणसानं सर्व्हरविषयी बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण माझ्या कविता मराठीत, आईची पत्रं उर्दूत आणि दोन्ही आता संगणकात. अक्षर जपायचं, तर ते ठेवलेली कोठी कशी सांभाळतात हेही कळायला हवं.

संकेतस्थळ ज्या संगणकावर असतं तो सर्व्हर. त्याचा कारभार सीपॅनेल, प्लेस्क अशी सॉफ्टवेअर पाहतात. त्यांची नवी आवृत्ती घेण्यापूर्वी पुष्कळदा आतला डेटाबेसही नवा करावा लागतो. मायएसक्यूएल ५.७ चं आयुष्य ऑक्टोबर २०२३ मध्ये संपलं आणि अनेकांना ८.० वर जावं लागलं. ही वाट एकेरी आहे. बिघडलं तर जुना बॅकअप पुन्हा भरणं, एवढाच उपाय.

आता तुम्ही म्हणाल, बॅकअप तर रोज आपोआप होतो! गिटलॅब या कंपनीलाही तसंच वाटत होतं. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसच पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले, तर जागा रिकामी. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारं अवजार ९.२ चं. ते रोज अपयशी ठरत होतं. इशाऱ्याच्या ई-मेलही कुणापर्यंत पोचत नव्हत्या. योगायोगानं सहा तासांपूर्वी हातानं घेतलेली एक प्रत सापडली. मधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र गेल्याच.

म्हणून तयारीचा क्रम असा ठेवावा. आधी डेटाबेसची आणि बॅकअपच्या अवजाराची आवृत्ती जुळते का, ते पाहावं. डिस्कवर पुरेशी जागा आहे का, तक्ते धड आहेत का, हे तपासावं. काही शब्द नव्या आवृत्तीत राखीव होतात, ८.० मध्ये ‘रँक’ तसा झाला. त्या नावाचा रकाना असेल तर जुना प्रोग्राम अडतो. मग नव्या नोंदी थांबवून बॅकअप घ्यावा, दुसऱ्या संगणकावर उतरवावा आणि अपग्रेडची पहिली चाचणी तिथंच करावी.

नोंदींची संख्या जुळली म्हणजे झालं, असं मात्र नाही. जुन्या तक्त्यांवर कधी ‘लॅटिन-१’ अशी चिठ्ठी असते आणि आत देवनागरी असते. रूपांतर चुकलं की अक्षरांच्या जागी चमत्कारिक खुणा येतात. त्या बहुधा सुधारता येतात. पण प्रश्नचिन्हं उमटली, तर मूळ अक्षर त्या प्रतीतून कायमचं गेलं. संख्या तेवढीच, मजकूर नाहीसा! हे मोजणाऱ्याला कळत नाही, वाचणाऱ्याला कळतं.

तेव्हा तंत्रज्ञाला एकच विचारा: उतरवलेल्या बॅकअपमधलं एक पान माझ्यासमोर उघडाल का? ते नीट वाचता आलं, की मग अपग्रेडची तारीख ठरवा.