उष्णोदकाची निगा

थंडीचे दिवस जवळ आले की मराठी घरांत कढत पाण्याची आठवण होते. नरकचतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान असो की माघातला नित्याचा स्नानविधी, ग्वाल्हेर-इंदूरसारख्या गावांत गार पाण्याचे धाडस सर्वांना झेपत नाही. आपल्या जुन्या वाड्यांतून तांब्याचा बंब या कामी वर्षानुवर्षे उभा असे. चिंचेने घासून लखलखीत केलेला आणि बंबफोडीवर चालणारा हा बंब क्वचितच बिघडे. बिघडला तर कोठे बिघडला, हे डोळ्यांना दिसे. तोटी गळू लागे किंवा सांधा सुटे; तांबट येई आणि काम होई. झाकण सैल असल्यामुळे वाफ कोंडून राहण्याचीही भीती नव्हती.

आज त्याची जागा गीझरने घेतली आहे. हे यंत्र सोयीचे खरे, पण ते सर्व बाजूंनी बंद. आत काय चालले आहे ते कळत नाही. म्हणून बिघाड झाला की आपण एक तर घाबरतो, नाही तर दुर्लक्ष करतो. या दोहोंपेक्षा थोडे समजून घेणे बरे, असे आम्हांस वाटते.

विजेच्या साठवणीच्या गीझरची रचना साधी आहे. थंड पाणी टाकीच्या तळाशी शिरते, तेथील विजेची कांडी ते तापवते. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि वरच्या थरातून नळाला येते. ठरलेल्या उष्णतेला थर्मोस्टॅट वीज तोडतो. तो निकामी झालाच, तर ‘कट-आउट’ नावाचा दुसरा पहारेकरी वीज बंद करतो. तिसरा पहारेकरी म्हणजे दाब वाढताच उघडणारी सुरक्षा-झडप.

गीझर नीट चालतो की नाही, हे गणिताने ताडता येते. २५ लिटर पाणी १५ अंशांवरून ५० अंशांवर नेण्यास सुमारे एक युनिट वीज लागते. २००० वॉटचा गीझर ते काम साधारण अर्ध्या तासात करतो. तेवढ्याच पाण्याला तास-दीड तास लागू लागला, तर बिघाडाची सुरुवात झाली असे समजावे.

पाणी मुळीच तापत नसेल, तर प्रथम एमसीबी पडला आहे काय, ते पाहावे. दिवा लागतो पण पाणी गारच राहते, अशा वेळी कांडी जळाली असण्याचा किंवा कट-आउट उघडला असण्याचा संभव असतो. कट-आउटचे बटण दाबून गीझर सुरू होतो, हे खरे. परंतु तो कारणावाचून उघडत नाही. थर्मोस्टॅट तपासल्यावाचून बटण पुन्हा पुन्हा दाबणे म्हणजे पहारेकऱ्यास झोपवणे होय.

पाणी उशिरा तापते आणि टाकीतून कुरकुर किंवा सूं-सूं असा आवाज येतो, तेव्हा दोष बहुधा पाण्याचा असतो. माळव्याच्या काळ्या खडकातून उपसलेले कूपनलिकेचे पाणी पुष्कळ ठिकाणी दुष्फेन असते. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. त्यात विरघळलेला चुन्याचा क्षार तापताच वेगळा होतो आणि कांडीवर त्याचे पांढरे कवच चढते. कवचाआडची कांडी स्वतः तापून निघते, पाणी मात्र कोमटच राहते. शेवटी कांडी फुटते. अशा पाण्याच्या घरी वर्षातून एकदा जाणत्या कारागिराकडून टाकी उघडून क्षार काढून घ्यावा. त्याच वेळी टाकीतील मॅग्नेशियमची सळई पाहण्यास सांगावे. ही सळई स्वतः झिजून टाकीचे लोखंड वाचवते. ती संपली की टाकीला गंज लागू लागतो आणि पाणी तांबूस येते. थर्मोस्टॅट ६० अंशांच्या आसपास ठेवला तर क्षारही कमी धरतो.

सुरक्षा-झडपेतून थेंब पडताना पाहून पुष्कळ गृहिणी चिंतेत पडतात. २५ लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांवर गेले की जवळजवळ ४०० मिलिलिटरने फुगते. पाणी तापत असताना काही थेंब पडणे स्वाभाविक आहे. ते थांबवण्यासाठी झडपेच्या तोंडात बूच ठोकणे मात्र महाभयंकर. दाबाला वाट उरली नाही आणि थर्मोस्टॅटही अडकला, तर टाकी फुटून भिंत कोसळू शकते. धार अखंड लागली तर झडप बदलावी; टाकीच्या अंगातूनच पाणी झिरपू लागले, तर मोह सोडून नवा गीझर घ्यावा.

नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या किंवा गीझर लावताच एमसीबी पडू लागला, तर वीज बंद करून त्या दिवशी चुलीवरच पाणी तापवावे. कांडीचे आवरण फुटून वीज पाण्यात उतरत असल्याची ती खूण असते. घरात अर्थिंग आहे ना, गळती ओळखून वीज तोडणारे यंत्र बसवले आहे ना, हे तारतंत्र्याकडून पाहून घ्यावे. २००० वॉटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह ओढतो. त्याला १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. स्नानास बसण्यापूर्वी बटण बंद करण्याची सवय घरातील सर्वांना लावावी.

गॅसचा गीझर पेटत नसेल, तर आधी त्याचे सेल बदलावेत, मग नळाला पाण्याचा पुरेसा जोर आहे ना ते पाहावे; जोर नसल्यास तो मुळी पेटतच नाही. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागली, काजळी धरू लागली, की गॅस अपुरा जळत आहे आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होत आहे, असे समजून तो तत्काळ बंद करावा. या वायूला ना रंग, ना वास. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही, असा आपला समज होतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात, आणि कडी काढण्याचेही भान राहत नाही. बंद न्हाणीघरात स्नानास गेलेली धडधाकट माणसे अशी दगावली आहेत. गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा. थंडी वाजते म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावू नये. आत कोणी फार वेळ निःशब्द असेल, तर हाक मारावी. ओ न आल्यास दार उघडून त्यास मोकळ्या हवेत आणावे, गीझर बंद करावा आणि विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे.

बटणे, सेल, ज्योत आणि झडप पाहणे हे घरच्यांचे काम. टाकी उघडणे आणि तारांना हात घालणे हे कारागिराचे. मुलांनाही या खुणा समजावून सांगाव्यात; आजी-आजोबा न्हाणीघरात असताना घरात पुष्कळदा तीच असतात.