‘घर्षण’ कोठे हरवले?

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयातील प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी एक तक्रार घेऊन माझ्याकडे आली. जुन्या मराठी पुस्तकांत भौतिकशास्त्राचे कोणते पारिभाषिक शब्द वापरीत, याची माहिती ती गोळा करीत होती. एका सार्वजनिक ग्रंथालयाने आपली जुनी पुस्तके संगणकावर आणली होती आणि ती कोणालाही घरबसल्या वाचता येत होती. तिने त्यांतले एक पुस्तक उघडून शोधाच्या चौकटीत ‘घर्षण’ हा शब्द लिहिला. उत्तर आले, असा शब्द या पुस्तकात नाही. तिने सहज पाने उलटली, तर ‘घर्षण’ या मथळ्याचे अख्खे प्रकरणच समोर उभे!

“सर, जो शब्द मला दिसतो तो संगणकाला का दिसत नाही?” तिने विचारले.

मी तिला म्हटले, “आता ‘धर्षण’ असे लिहून पाहा.” तिने लिहिले आणि त्या प्रकरणातील पाने भराभर सापडू लागली!

विद्यार्थी मित्रांनो, हा घोटाळा कसा झाला असेल? त्याचे उत्तर शोधताना ग्रंथालयातले पुस्तक पडद्यावर कसे येते, हेही आपल्याला कळेल.

घाई कशासाठी?

२०२० साली टाळेबंदीत ग्रंथालयांची दारे बंद झाली, तेव्हा घरबसल्या पुस्तक मिळण्याचे मोल सर्वांनाच कळले. पण पुस्तके संगणकावर आणण्याचे याहून जुने एक कारण आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झाले. अशा जुन्या ग्रंथालयांतील शंभर वर्षांपूर्वीचे एखादे पुस्तक हाती घ्या. पाने पिवळी पडलेली असतात आणि कोपरा दुमडला तर तुकडा हातात येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर कागद चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्यापासून होऊ लागला. शाई पसरू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटीच्या जातीचे क्षार घालीत. या क्षारांमुळे कागदात आम्ल तयार होते. कागदाचा मुख्य घटक सेल्युलोज. त्याचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात. आम्लामुळे या साखळ्या जागोजागी तुटतात आणि कागद ठिसूळ होतो. कपाटात बंद ठेवले तरी ही रासायनिक क्रिया थांबत नाही. म्हणून पुस्तक हाताळण्याजोगे आहे तोवरच त्याची प्रत करून ठेवावी लागते.

पानाचे झाले ठिपके

ठिसूळ पुस्तक सपाट काचेवर दाबले तर त्याची बांधणी तुटेल. म्हणून ते अर्धवट उघडून इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या पाळण्यात ठेवतात आणि दोन बाजूंच्या दोन कॅमेऱ्यांनी समोरासमोरच्या पानांची छायाचित्रे घेतात.

कॅमेऱ्याच्या आत सिलिकॉनची एक चकती असते व तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म चौकटी असतात. कागदावरून परावर्तित झालेला प्रकाश चौकटीवर पडला की तेथील इलेक्ट्रॉन मोकळे होतात. प्रकाश जितका जास्त, तितके इलेक्ट्रॉन जास्त. हा साठलेला विद्युतभार मोजून त्याला ० ते २५५ यांपैकी एक अंक देतात. अगदी काळ्या शाईला ० च्या जवळचा, पांढऱ्या कागदाला २५५ च्या जवळचा. अशी एक चकती बॉइल आणि स्मिथ या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली शोधून काढली व २००९ साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ठिपके किती बारीक असावेत? सामान्यतः एका इंचात ३०० ठिपके घेतात, म्हणजे एक ठिपका सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा. छापील अनुस्वार साधारण अर्ध्या मिलिमीटरचा धरला, तर त्याच्या रुंदीत पाच-सहा ठिपके येतील. इंचाला ७५ च ठिपके घेतले, तर तोच अनुस्वार एक-दोन ठिपक्यांत उरकेल आणि कागदावरच्या धुळीच्या कणापासून तो वेगळा ओळखता येणार नाही.

आता थोडे गणित करू. समजा, पान ५ इंच रुंद आणि ८ इंच लांब आहे. त्यात १५०० × २४०० म्हणजे ३६ लाख ठिपके होतील. प्रत्येक ठिपक्याचा अंक ठेवायला एक बाइट, म्हणजे ८ बिट, जागा लागते. २०० पानांच्या पुस्तकाला एकूण ७२ कोटी बाइट लागतील.

चित्र वेगळे, मजकूर वेगळा

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. आपल्याजवळ आहे ते पानाचे चित्र. त्यात ३६ लाख अंक आहेत, पण अक्षर एकही नाही. ‘घ’ कोठे आहे असे विचारले, तर चित्राला ते सांगता येणार नाही. हिमालयाचे छायाचित्र आणि पुस्तकाचे पान, संगणकाला दोन्ही सारखीच.

मजकूर साठवण्याची रीत अगदी निराळी आहे. जगातील लिपींच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलेला आहे. या व्यवस्थेला युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली व तिच्यात देवनागरीही होती. देवनागरीसाठी २३०४ पासून पुढचे १२८ क्रमांक राखून ठेवले आहेत. ‘अ’ चा क्रमांक २३०९, ‘घ’ चा २३२८, ‘ध’ चा २३४३, ‘म’ चा २३५०. काना, वेलांटी, अनुस्वार यांनाही स्वतंत्र क्रमांक आहेत. म्हणून ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे होतात. साठवणीच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते.

समजा, एका पानावर १५०० चिन्हे आहेत. मग पानाला ४,५०० बाइट आणि २०० पानांना ९ लाख बाइट लागतील. चित्राला ७२ कोटी, मजकुराला ९ लाख. म्हणजे ८०० पटींचा फरक! चित्रे दाबून लहान करण्याच्या युक्त्या आहेत व त्यांनी हा फरक बराच कमी होतो, पण नाहीसा होत नाही. एखाद्या गावात सेकंदाला १० लाख बिट येतील एवढीच जोडणी असेल, तर आपले न दाबलेले चित्ररूप पुस्तक उतरायला ९६ मिनिटे लागतील. मजकूर मात्र सव्वासात सेकंदांत येईल. हे गणित स्वतः करून पाहा.

शिरोरेषेची भानगड

चित्रावरून मजकूर तयार करण्याच्या क्रियेला अक्षर-ओळख म्हणतात. इंग्रजी छपाईत अक्षरे सुटी असतात. दोन काळ्या आकारांमध्ये पांढरी फट दिसली की अक्षर संपले असे संगणक धरतो. आपल्या लिपीत शिरोरेषा सर्व अक्षरांना एका दोरीत ओवून टाकते, त्यामुळे अशी फट मिळत नाही.

यावर एक सोपी युक्ती शोधली गेली. ओळीतील ठिपक्यांच्या प्रत्येक आडव्या रांगेत काळे ठिपके किती आहेत, ते मोजायचे. ज्या रांगांत ते सर्वांत जास्त, त्या शिरोरेषेच्या. त्या तात्पुरत्या पुसून टाकल्या की खालची अक्षरे सुटी होतात. वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर राहतात, उकार खाली. मग प्रत्येक तुकड्याचा आकार ठाऊक असलेल्या आकारांशी ताडून पाहायचा.

आता ‘घ’ आणि ‘ध’ शेजारी-शेजारी लिहा. ‘घ’ च्या डोक्यावर पूर्ण रेघ आहे. ‘ध’ ची रेघ डावीकडे तुटलेली असून त्या जागी एक लहानसे वळण आहे. ‘म’ आणि ‘भ’ यांचेही असेच. शिरोरेषा पुसली की रेघेतला फरकही पुसला जातो. उरते ते एक इवलेसे वळण. जुन्या छपाईत खिळा झिजलेला असेल किंवा शाई पसरली असेल, तर तेही ओळखू येत नाही. मग ‘घन’ चे ‘धन’ होते, ‘भरणे’ चे ‘मरणे’ होते आणि आमच्या ‘घर्षण’ चे ‘धर्षण’!

अलीकडे ही युक्ती मागे पडली आहे. आता संगणकाला हजारो ओळींची चित्रे व त्यांचा अचूक मजकूर दाखवतात. त्यावरून अख्खी ओळ एकदम वाचायला तो शिकतो आणि कोणत्या अक्षरामागून कोणते येण्याचा संभव जास्त, हेही त्याच्या लक्षात येते. त्यामुळे चुका खूप कमी झाल्या आहेत. परंतु जे त्याने पाहिले नाही तेथे तो अडखळतो. आपल्या ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदी छपाईतील वळणांहून वेगळी आहेत. शिवाय जुन्या मराठीत ‘नाहीं’, ‘कोठें’ असे अनुस्वार देत. उच्चारात नसलेले हे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी वगळले. आज कोणी ‘कोठे’ हा शब्द शोधला, तर जुन्या पुस्तकातील ‘कोठें’ हा संगणकाला वेगळा शब्द वाटण्याचा संभव आहे, कारण त्यात एक क्रमांक जास्त आहे.

चुका कमी म्हणजे किती? समजा, १०० पैकी ९९ चिन्हे बरोबर ओळखली गेली. परीक्षेत हे गुण उत्तम! पण १५०० चिन्हांच्या पानावर १५ चुका राहतात आणि २०० पानांत ३,०००.

चित्र मुके, मजकूर बोलका

मग चित्रावरच का भागवू नये? ज्यांना दिसते त्यांचे कदाचित भागेल. दृष्टिहीन वाचक संगणकाचा किंवा मोबाइलचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय वापरतात. तिला नुसते चित्र दिले तर ती गप्प बसते. मजकूर दिला तर ती वाचते, आणि त्यात ‘धर्षण’ असेल तर ‘धर्षण’ च वाचते. पाहणारा वाचक चित्र बघून चूक सुधारून घेईल. ऐकणाऱ्याजवळ तो उपाय नाही.

दृष्टिहीनांना पुस्तके वाचण्याजोग्या स्वरूपात मिळावीत म्हणून २०१३ साली मोरोक्कोतील माराकेश शहरी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला २०१४ साली सर्वांत आधी अनुमोदन देणारा देश भारत होता. इतर पुस्तकांच्या बाबतीत मात्र कायद्याची मर्यादा पाळावी लागते. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या साहित्यावर स्वामित्वहक्क असतो. म्हणून ग्रंथालये प्रथम त्या मुदतीपलीकडची पुस्तके सर्वांना खुली करतात.

शहाणे ग्रंथालय चित्र आणि मजकूर दोन्ही ठेवते. चित्र हा पुरावा आणि मजकूर ही सोय. मजकुराबद्दल शंका आली, तर चित्राकडे पाहून ती फेडता येते. दोन्हींच्या प्रती मात्र निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्या लागतात. कागद हळूहळू जीर्ण होतो आणि तसे दिसतेही. संगणकाची तबकडी पूर्वसूचना न देता एका क्षणात निकामी होऊ शकते.

आपण काय करू शकतो?

चुका शोधण्याचे काम अजून माणसालाच उत्तम जमते, आणि त्याला पदवी लागत नाही. विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयाच्या मराठी विभागात एका बाजूला पानाचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला संगणकाने ओळखलेला मजकूर असतो. कोणीही तो ताडून दुरुस्त करू शकतो. एकाने तपासलेल्या पानाला पिवळी खूण मिळते. दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा तपासले तरच ती हिरवी होते. प्रयोगशाळेत एकाने घेतलेले वाचन दुसऱ्याने पडताळावे, तसाच हा प्रकार.

एक प्रयोग वर्गात करता येईल. आलेख कागदावर १२ × १२ चौकोनांत ‘घ’ आणि ‘ध’ काढा. रेघ जेथून जाते ते चौकोन काळे करा. प्रत्येक रांगेतील काळे चौकोन मोजून शिरोरेषेची रांग ठरवा व ती खोडून टाका. आता कागद मित्राला दाखवा आणि किती चौकोन बदलले की त्याची फसगत होते, ते पाहा. मोबाइलमध्ये अक्षर-ओळखीची सोय असेल, तर एका जुन्या व एका नव्या पानाचे चित्र घेऊन दोन्हींतील चुकांचे शेकडा प्रमाण काढा.

आमच्या विद्यार्थिनीने पुढे काय केले? तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी ते सबंध प्रकरण चित्राशी ताडून पाहिले आणि चुकांची यादी ग्रंथपालांना दिली. त्यांनी ती आनंदाने स्वीकारून मजकूर सुधारून घेतला. आता ‘घर्षण’ लिहिले की ते प्रकरण सापडते. पुस्तकाची आणखी अकरा प्रकरणे मात्र अजून तपासायची राहिली आहेत.